दोर दिसला की
‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा सिनेमा संथ आहे, काही घडतच नाही, असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. दिग्दर्शक सतीश मनवरांनी शेजारच्या शेतकऱ्याची आत्महत्या सुरुवातीलाच ठेवलीय. तिथून आपण शेतकरी किसनाकडं त्याच्या बायकोच्या, अलकाच्या, धास्तावल्या नजरेनं बघू लागतो. ती पोराला बापाच्या मागं पाठवते, पुरणपोळी करते; त्याला मात्र शेताचीच पडलेली. तीच आत्महत्या शेवटी आली असती, तर आपण नुसतं हळहळलो असतो.

आमच्या गावी (यवतमाळकडं) घरीच टीव्हीवर पाहिला. दुसऱ्या दिवशी बाबांनी गोठ्यातला दोर काढला, तशी आई चुलीपुढून उठून दारात. “कुठी चालले जी?” गोऱ्हा सुटला होता, बस.