मदत हवी आहे: बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, आता पिट्युटरीचा (मेंदूखालची छोटी ग्रंथी) दोष निघालाय

नमस्कार मंडळी, वहिनीसाठी विचारतेय. ती तासगावजवळ खेड्यात असते आणि मी साताऱ्यात, त्यामुळे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर बघून जेवढं कळतं तेवढं लिहिते. वय ३३. २०१८ ला मुलगी झाली, डिलिव्हरी नॉर्मल, पण वार पडेना आणि अंगावरून इतकं रक्त गेलं की बीपी लागेना, मग रात्रीच गाडीत घालून सांगलीला हलवलं, रक्ताच्या पिशव्या लावल्या तेव्हा वाचली.

पण त्यानंतर दूध उतरलंच नाही. अळिवाची खीर, शतावरी, मेथीचे लाडू सगळं करून झालं, छाती एकदासुद्धा भरून आली नाही. वरून "पोरीला नीट पाजत नाही" अशी बोलणी तिलाच खावी लागली, ते आठवलं की आजही जीव तुटतो. पाळी तेव्हापासून बंद. बायका म्हणायच्या अंगावर पाजतीय तोवर येत नाही, अगं पण ती पाजत कुठे होती!

हळूहळू सगळंच उतरत गेलं. द्राक्षाच्या विरळणीला दिवसभर उभी राहणारी बाई, आता दोन कळशा पाणी आणलं की बसते. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालते. काखेतले केसपण गेले, हे तिने लाजून कधी डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. दरवेळी अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या आणि सलाईन, थायरॉईड म्हणून फक्त टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) करायचे आणि तो नॉर्मल यायचा.

गेल्या महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या आणि ती असंबद्ध बोलायला लागली, रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे फारच कमी. ॲडमिट केलं तिथल्या फिजिशियननी पहिल्यांदा विचारलं, बाळंतपणात रक्त गेलेलं का आणि दूध आलेलं का. इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. टीएसएच २.३ म्हणजे नॉर्मल, पण फ्री टी फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) ०.४ म्हणजे कमी, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) अगदी कमी. शीहान सिंड्रोमचा (बाळंतपणातल्या रक्तस्रावाने पिट्युटरी निकामी होणं) संशय आहे, एमआरआय सांगितलाय. आता गावाकडचे डॉक्टर म्हणतात टी फोर कमी आहे तर थायरॉईडची गोळी लगेच चालू करा. करावी का? एवढ्या वर्षांनी खरंच बाळंतपणाचा संबंध असतो का, आणि तिला दुसरं मूल हवंय, ते होऊ शकेल का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, गोळी आजच्या आज चालू करू नका, आधी सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसोल (शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन) करून घ्या. मी नर्स आहे, मिरजेत. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) दिलं तर पेशंट एकदम कोसळू शकतो, म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची उणीव भरणारं औषध) आणि मग थायरॉईडची गोळी, हा क्रम मोडायचा नाही. संबंध असतो, नक्की असतो. पिट्युटरी वाटाण्याएवढी, गरोदरपणात ती दूध तयार करायच्या तयारीने मोठी होते आणि तिला रक्त जास्त लागतं, अशात एकदम रक्तस्राव होऊन बीपी पडलं की तिचा भाग मरतो. शीहान नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरांनी १९३७ मध्ये हे मांडलं. दूध न येणं आणि पाळी न येणं या पहिल्या खुणा, बाकीचं कळायला वर्षं जातात. टीएसएच नॉर्मल येतो कारण दोष थायरॉईडमध्ये नसून त्याला हुकूम देणाऱ्या ग्रंथीत असतो, म्हणून फ्री टी फोर बघावाच लागतो. एंडोक्रायनोलॉजिस्टच (हार्मोनचे डॉक्टर) गाठा.

प्रतिसाद २
माझं उलटं होतं, मूल नसताना दूध येत होतं आणि पाळी बंद. प्रोलॅक्टिन वाढलेलं, पिट्युटरीवर १० एमएमपेक्षा लहान गाठ. कॅबरगोलिनने (प्रोलॅक्टिन कमी करणारी गोळी) पाळी आली आणि दिवस राहिले. मग डॉक्टरांनी गोळी थांबवली, डोकं दुखलं किंवा नजरेत फरक पडला तर लगेच या म्हणाले. गरोदरपणात प्रोलॅक्टिन तसंही वाढतंच, म्हणून ती टेस्ट परत केली नाही. मुलगा झाला, सगळं ठीक. तुमच्या वहिनींना अंडं तयार व्हायला इंजेक्शनं लागतील, पण आधी कॉर्टिसोल आणि थायरॉईड ताळ्यावर यायला हवं. आशा सोडू नका.

धागाकर्ती
खूप खूप आभार. कॉर्टिसोल १.६ आलं, म्हणजे फारच कमी. गोळी चालू केली नव्हती म्हणून वाचलो. आता हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालंय, चौथ्या दिवशी तिने स्वतःहून भाकरी मागितली, दादा फोनवर रडला. थायरॉईडची गोळी आता सुरू करतील. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट आणि उलटी होऊन ती गोळी पोटात राहिली नाही तर त्याचंच इंजेक्शन, असं सांगितलंय. पण गावात रात्री इंजेक्शन द्यायला कुणीच नसतं, तर घरच्या माणसाला शिकवतात का? कुणी शिकलं असेल तर कुठे शिकलात तेवढं सांगा, दादा तयार आहे.