जपानी आणि अंदमानी: नातं किती जवळचं?

प्रश्न: वाय-गुणसूत्राचा डी गट जपानी पुरुषांत भरपूर आढळतो, आणि अंदमानच्या जारवा-ओंगी या आदिवासी जमातींतही. मग दोघांना जवळचे नातलग म्हणायचं का?

प्रतिसाद १: नाही. या दोन फांद्या किमान 40 हजार वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. शिवाय वाय फक्त बापाकडची एकच रेघ दाखवतो. नातं ठरवायला अख्खा जनुकसंच बघावा लागतो. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

प्रतिसाद २: आणि तो पाहिला, तर मुख्य बेटांवरच्या जपान्यांत जोमोन, म्हणजे जपानच्या प्राचीन शिकारी-संग्राहकांचा (डी गट त्यांच्याकडूनच आला) वाटा साधारण 10 ते 20 टक्केच भरतो. बाकीचा कोरियामार्गे भातशेती घेऊन आलेल्या यायोईंचा आणि नंतर कोफुन काळात (साधारण इ.स. तिसरं ते सहावं शतक) आलेल्यांचा. ओकिनावात जोमोन अंश जास्त, उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरच्या ऐनू या मूलनिवासींमध्ये सर्वाधिक.

प्रतिसाद ३: भाषेचं म्हणाल, तर जपानी भाषाशास्त्रज्ञ सुसुमु ओनोंनी जपानी भाषा तमिळशी जोडली होती, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवरच्या र्‍युक्यू भाषा मात्र तिच्या सख्ख्या बहिणी.