तातार म्हणजे मंगोलच ना?

साताठ_सामान: भाची मेडिकलला कझानला निघाली आहे. तिथे जवळपास निम्मे लोक तातार, बहुतेक मुस्लिम, असं कळलं. म्हणजे चंगेजखानाचे वंशज का? रशियात मुस्लिम आले कुठून?

व्होल्गाकाठची: सहा वर्षं कझानला होते, त्यातली चार एका तातार आजींकडे भाड्याने. त्यांना मी 'ॲबी' म्हणायचे, म्हणजे आजीच. "आले कुठून" असं तिथे विचारू नको म्हणावं भाचीला. ते तिथलेच. त्यांचे पूर्वज मानले जाणाऱ्या व्होल्गा नदीकाठच्या बल्गारांनी ९२२ साली इस्लाम स्वीकारला, रशिया ख्रिस्ती झाला त्याच्याही साठेक वर्षं आधी. भाषा तुर्की कुळातली, मंगोल नव्हे. दुनिया, किताब, हवा हे शब्द थोड्या फरकाने तिथेही ऐकू येतात. मला पहिल्या हिवाळ्यात तेवढाच आधार होता.

१५५२ मध्ये रशियाच्या झार इव्हान चौथ्याने कझान घेतलं, मशिदी पाडल्या. पुन्हा दगडी मशीद उभी राहायला अठराव्या शतकातल्या सम्राज्ञी कॅथरीनची कारकीर्द उजाडली. आज कझानच्या क्रेमलिनात, म्हणजे किल्ल्यात, निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीद दिमाखात उभी आहे, २००५ पासून. मला काळजी वाटते ती भाषेची. ॲबींच्या कपाटात त्यांच्या आजोबांची वही होती, तातार भाषेतली, पण अरबी लिपीत. आईच्या शाळेत लॅटिन लिपी आली, १९३९ नंतर सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी. ॲबी शिकल्या सिरिलिक. वही फडक्यातून सोडायच्या, ओळींवरून बोट फिरवायच्या आणि पुन्हा बांधून ठेवायच्या. एक शब्द वाचता येत नव्हता. नातू तर त्यांच्या तातारला रशियनमधूनच उत्तर द्यायचा. २०१७ पासून शाळेत तातार ऐच्छिक झाली, मग तो विषयच त्याने सोडला. त्या संध्याकाळी ॲबी जेवल्या नाहीत.

नकाशेवाला: एक भर. क्रिमियन तातार हा वेगळा समाज. मे १९४४ मध्ये स्टालिनने त्यांना अख्खंच्या अख्खं मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात हाकललं. आणि सगळे तातार मुस्लिम नाहीत, क्रॅशेन हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती.

व्होल्गाकाठची: बरोबर, माझ्या वर्गात एक क्रॅशेन मुलगी होती. घरी छान तातार बोलायची.

साताठ_सामान: मनापासून आभार. भाचीने आधी काय शिकावं?

व्होल्गाकाठची: 'रॅख्मॅत', म्हणजे धन्यवाद. रशियन 'स्पासिबा'ऐवजी हा शब्द ऐकला की ॲबींसारख्या बायका पुढ्यात आणखी एक ओचपोचमाक ठेवतात. तीन कोपऱ्यांचं, आत मांस, बटाटा, कांदा. मांस खात नसेल तर आधीच सांगावं. खोली हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा, ॲबींना विचारते.