मदत हवी आहे : चांगली नोकरी असूनही जगण्याचा अर्थ हरवल्यासारखा वाटतो

नमस्कार. माझे वय २७ असून गेली पाच वर्षे मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. पगार उत्तम आहे. परंतु ज्या प्रणालीसाठी आम्ही आठ महिने रात्री जागवल्या, ती ग्राहकाने एकदाही न वापरता बाजूला ठेवली, तेव्हापासून आपल्या श्रमांचा नेमका कोणाला उपयोग होतो, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. आईजवळ हे बोलवत नाही, कारण माझ्या शिक्षणासाठी तिने दागिने गहाण ठेवले होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’ या, तरुणांना जगण्याचा अर्थ शोधण्यास मदत करणाऱ्या शिबिरांच्या उपक्रमाविषयी, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या, तरुणांनी एकत्र राहून श्रमदान करण्याच्या श्रमसंस्कार छावणीविषयी मी वाचले आहे. अशा शिबिरांना जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे, की तेथून परतल्यावर, सुरुवातीचा भारावलेपणा ओसरल्यावर, कर्जाचे हप्ते आणि आईवडिलांची जबाबदारी सांभाळत आपण रोजच्या जगण्यात प्रत्यक्ष काय बदलले? नोकरी सोडावी लागली, की तिच्यातूनच काही वाट निघाली?