मदत हवी आहे: १९९९ चं टाकळ्याचं बी आणि आत्ताचं बी एका वाफ्यात लावायचंय

नमस्कार मंडळी,

मी माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढचा. शाळेत विज्ञान शिकवतो, पण वनस्पतिशास्त्र बारावीला सुटलं ते सुटलंच. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

दिवाळीत माळा आवरताना वडिलांची, नानांची, एक जुनी लोणच्याची बरणी सापडली. आत वर्तमानपत्राच्या पुड्या. बहुतेक पुड्यांत किडीनं पीठ केलंय, पण एक शाबूत आहे. वर पेन्सिलीनं लिहिलंय, "टाकळा, ओढ्याकडचा बांध, दिवाळी ९९". दाणे मेथीसारखे कोनेदार, अजून चकाकतात. मोजले, १३८ भरले.

बांध तिथंच आहे, टाकळाही आहे. त्याच्या शेंगा मी परवाच्या दिवाळीतच काढून ठेवल्या. मधल्या काळात २००३ चा दुष्काळ झाला, २०१२-१३ च्या छावण्या झाल्या, २०१८ ला पुन्हा पावसानं पाठ फिरवली. टाकळा एका वर्षाचं झाड. पाऊस आखडला की लवकर फुलून शेंग धरणारं झाडच मागं बी ठेवतं, उशिराचं उभ्या उभ्या वाळतं. असं चार-पाचदा झालं तर बांधावरचा सगळा टाकळाच जातीनं लवकर फुलणारा होत गेला असेल का?

कल्पना माझी नाही. कॅलिफोर्नियात रानमोहरीवर हे करून बघितलंय. तिथं २००० ते २००४ अवर्षण होतं. संशोधकांकडे १९९७ चं बी होतं, २००४ चं गोळा केलं आणि त्यांची झाडं एकाच वेळी, सारख्या परिस्थितीत वाढवली. दुष्काळानंतरची झाडं एका ठिकाणची १.९ दिवस, तर दुसऱ्या ठिकाणची ८.६ दिवस आधी फुलली. जुन्या-नव्याचा संकर मधल्या तारखेला फुलला, म्हणजे फरक रक्तातला. अवघ्या सात वर्षांत! २००७ साली हे छापून आलं.

आमच्याकडे "हल्ली टाकळा लवकर फुलतो" म्हणणारे पारावर चिक्कार आहेत. पण वळीव लवकर झाला तर तेच झाड लवकर उगवणार आणि लवकर फुलणार. त्यात जात बदलली असं होत नाही. म्हणून जुनं-नवं शेजारी शेजारीच हवं.

अडचण अशी की मागच्या आठवड्यात जुने १० दाणे भिजत घातले. सहा दिवसांत एकही फुगला नाही. मेले म्हणायचे का? उरलेले १२८ वाया घालवायचे नाहीत.

प्रतिसाद १
सर, मेले म्हणू नका. टाकळ्याचं साल कडक, पाणी आत शिरतच नाही. तेच दहा दाणे पॉलिशपेपरवर हलकेच घासा, एका कडेला आतला फिका रंग दिसेपर्यंत, मग भिजवा. आत्ताचं बीही तसंच घासायचं, नाहीतर तुलना तिथंच फसली.

प्रतिसाद २
उगवून आली तरी पहिल्या वर्षीच्या फुलांवरून निकाल लावू नका. आईझाड उपाशी होतं की तृप्त, याचा परिणाम बियावर उरतो. दोन्ही आधी एक पिढी सारखी वाढवा, कळ्यांना मलमलीची पिशवी बांधा म्हणजे माश्या जुनं-नवं मिसळणार नाहीत. त्यांच्या बियांवर खरा प्रयोग. कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि गेटवरच्या दिव्याखाली ठेवू नका, रात्रीच्या उजेडानं बऱ्याच झाडांची फुलायची तारीख हलते. किती दाणे उगवले तेही लिहा. पंचवीस वर्षं टिकलेलं बी कदाचित निवडकच असेल.

मुख्य प्रश्न राहिलाच. नानांनी बी किती झाडांचं घेतलं होतं? एकाच झाडाचं असेल तर तुम्ही बांध नाही, एक घर मोजताय.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. घासलेल्या दहातले सात फुगले!

नानांचं विचारलंत म्हणून पुडी उलगडून आतून बघितली. बारीक अक्षरात आहे, "१५-२० झाडं, प्रत्येकाची एकच शेंग." नाना सातवी शिकलेले. हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

मलमल आणायला शनिवारी दहिवडीला जातोय.