जनरेटरला 'पाण्याचं किट' लावून डिझेल वाचतं का?

टॉवेल_शेड (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)
मंडळी, शेडला 25 केव्हीए (जनरेटरच्या क्षमतेचं माप) डिझेल जनरेटर आहे. तीन सिलिंडर, टर्बोवाला, लोडवर ताशी साडेचार लिटर डिझेल खातो. एक विक्रेता पाण्यापासून वायू करून इंजिनाला देणारं किट लावा म्हणतोय. सहा सेलचा स्टीलचा डबा, बॅटरीवरून 20 अँपिअर करंट आणि हवेच्या पाइपात सोडलेली नळी, एवढंच. '30 टक्के डिझेल वाचेल, पुढे निव्वळ पाण्यावरही चालेल' असं त्याचं म्हणणं. आकडे मांडून सांगा, यात तथ्य किती?

ऊर्जेचा_हिशेब
निव्वळ पाण्यावर इंजिन चालणार नाही. हायड्रोजन जळूनच पाणी होतं, त्यात जाळण्याजोगं काही शिल्लक नसतं. ते फोडायला जेवढी ऊर्जा घालाल, त्यापेक्षा कमीच परत मिळते.

आता किट बघा. 13.8 व्होल्ट गुणिले 20 अँपिअर, म्हणजे 276 वॅट. सहा सेलमधून तासाला जास्तीत जास्त 50 लिटर हायड्रोजन आणि 25 लिटर ऑक्सिजन निघेल, मिनिटाला सव्वा लिटर वायू. त्या हायड्रोजनची ऊर्जा साधारण 150 वॅट. तुमचं साडेचार लिटर डिझेल 45 किलोवॅट ऊर्जा देतं. किटचा वाटा झाला तीनशेवा.

ते 276 वॅट फुकट येत नाहीत. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर इंजिनाच्या शाफ्टवरून 500 वॅट जातात. वायू जळून शाफ्टला परत येतात जेमतेम 45. म्हणजे ताशी दीडशे मिलीलिटर डिझेल उलट जास्त जाईल.

टॉवेल_शेड
तो म्हणतो, ऊर्जा वायूतून मिळत नाही, वायूमुळे डिझेल 'पूर्ण' जळतं.

ऊर्जेचा_हिशेब
धड स्थितीतल्या डिझेल इंजिनात 98 टक्क्यांहून जास्त इंधन आजही जळतंच. न जळालेलं दोन टक्केही नसेल, तर 30 टक्के वाचणार कुठून? बाकीची ऊर्जा सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते, ती हायड्रोजनने परत येत नाही.

पंप_नॉझल
नुकसानीचं पण ऐका भाऊ. पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून डब्यात कॉस्टिक पोटॅश हा तीव्र क्षार घातलेलं पाणी असतं. त्याचे बारीक थेंब वायूबरोबर इंजिनात जातात, आणि पोटॅश ॲल्युमिनियम खातं. टर्बोचं हवा ओढणारं चाक ॲल्युमिनियमचंच असतं. पोटॅशऐवजी मीठ टाकाल तर क्लोरीन निघेल. स्टीलच्या प्लेटा झिजून जो तपकिरी गाळ होतो त्यात विषारी क्रोमियम असू शकतं, तो गटारात ओतू नका.

दुसरं, आपल्याकडचा उन्हाळा. पाणी तापलं की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, करंट वाढतो, त्याने पाणी आणखी तापतं. 20 वर लावलेलं किट मे महिन्यात 30 अँपिअरवर जातं आणि वायर वितळते.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे किटचं कनेक्शन नुसतं चावीवर देणं. इंजिन बंद पडलं आणि चावी चालू राहिली तर वायू एअर फिल्टरच्या डब्यात साठत राहतो. मग एक ठिणगी पुरते. ऑइल प्रेशर स्विचमधून (इंजिन चालू असून तेलाला दाब असेल तरच करंट सोडणारा) कनेक्शन नसेल तर हात लावू देऊ नका.

माप_आधी
विक्रेता चाचणी करून दाखवतो म्हणाला तर टाकीत पट्टी बुडवून मोजू देऊ नका. दहा लिटरचा कॅन वजनकाट्यावर ठेवा. डिझेलचा पाइप त्यातूनच घ्या आणि रिटर्न पाइपही (इंजिनाने न वापरलेलं डिझेल परत आणणारा) त्यातच सोडा. रिटर्न विसरला की सगळं माप चुकतं. माग बंद ठेवून हीटरचा कायम लोड द्या, कारण मागांचा लोड सारखा हलतो. इंजिन अर्धा तास गरम करून एक तास किटशिवाय, एक तास किटसह, पुन्हा एक तास किटशिवाय चालवा. दर वेळी मीटरचं युनिट आणि डिझेलचे ग्रॅम लिहा. युनिटमागे ग्रॅम किती, एवढंच बघायचं.

पाण्याचा इंजिनात खरा उपयोगही आहे. काही टर्बो पेट्रोल इंजिनांत फवारा मारून आतली हवा थंड करतात, त्याने नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून होणारी ठोकठोक, थांबतं. तिथेही इंधन पेट्रोलच.

सोलर_छत
छतावर सोलर लावून त्या विजेने हायड्रोजन करू, असा विचार येईल म्हणून आधीच सांगतो. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी आणि 50 युनिटच्या वर वीज लागते. त्यात ऊर्जा 33 युनिट, आणि तो जनरेटरमध्ये जाळून हाती येतील दहाएक युनिट. त्यापेक्षा तीच वीज सरळ मागाला द्या.

पंप_नॉझल
टॉवेलवाले भाऊ, क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) तिन्ही फेजचा करंट मोजून इथे टाका. 25 केव्हीएवर सात-आठ केव्हीएचाच लोड असेल तर युनिटमागे डिझेल जास्तच जाणार, मग छोटा सेट बघावा लागेल. लोड पुरेसा असेल तर आधी एअर फिल्टर बदला आणि इंजिनात डिझेल फवारणारं नॉझल काढून प्रेशर व फवारा टेस्टिंगला द्या.