मदत हवी आहे: 'युनिटी ऑफ कमांड' या संगणकीय युद्धखेळात कलाचचा वेढा पूर्ण होण्याआधीच रसद तुटते

ऑपरेशन युरेनस (स्टालिनग्राडच्या जर्मन फौजेला उत्तर आणि दक्षिणेकडून येऊन डॉनकाठच्या कलाच गावापाशी वेढण्याची मोहीम), सोव्हिएत बाजू. सेराफिमोविचच्या डॉनकाठच्या तळावरून रायफल डिव्हिजननी रुमानियन फळी फोडायची आणि त्याच भगदाडातून टँक कोअर आत घालायचे, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोळ तिसऱ्या चालीला होतो. फळीतली एखादी रुमानियन तुकडी मागे उरते, भगदाडाशेजारचे षट्कोन (नकाशावरची घरं) धरून बसते आणि रसदीचा पट्टा तिथेच तुटतो. पुढे गेलेले टँक उपाशी पडतात. जर्मन पँझरनी (रणगाडा तुकड्यांनी) उलट हल्ला केला की बळ भराभर घटतं.

भगदाड दोन षट्कोन रुंद केलं तर रसद पोचते, पण पूर्ण एक चाल जाते. वेढ्याचा दुसरा, दक्षिणेकडून येणारा जबडा मात्र वेळेत येतो. प्रत्यक्षात 19 नोव्हेंबर 1942ला सुरू झालेली मोहीम 23 तारखेला कलाचजवळच्या सोवेत्स्कीपाशी जुळली होती, त्यामुळे गती हवीच.

विचारायचं हे: मागे उरलेल्या तुकड्या घोडदळाने साफ कराव्यात, की घोडदळ टँकच्या बगलेला ठेवून ते काम रायफलवाल्यांवर सोडावं? विमानहल्ले पहिल्याच चालीत फळीवर वापरावेत, की कलाचच्या पुलासाठी राखावेत? ज्यांनी वेळेत वेढा घातलाय त्यांनी पहिल्या तीन चालींचा क्रम सांगा.